ऐकून घ्यायला निरीक्षक लागत नाही

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वकील व समुपदेशकांच्या आपल्या परिषदेचा वर्षभराचा आढावा छापील अहवालात आहेच, तो वाचून दाखवत नाही. मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि तिच्यासाठी मी बरीच वर्षं थांबले आहे.

सकाळच्या परिसंवादात दोन तट पडले. ऑनलाइन गुन्ह्यांना आळा घालायला जनजागृती हवी की कडक कायदा? भामरागडकडची एक माडिया आजी मला भेटली होती. तेंदूपत्त्याची मजुरी खात्यात पडली आणि गावात यंत्र घेऊन आलेल्या कुणीतरी केवायसीच्या नावाखाली तिचा अंगठा घेतला. पैसे गेले. बँकेने ठाण्याकडे पाठवलं, ठाण्याने जिल्ह्याला. गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. पोचल्यावर पहिला प्रश्न, "ओटीपी कुणाला दिला?" तिच्याकडे फोनच नव्हता. मग म्हणे, स्क्रीनशॉट आणा. नातू माडियातून मराठीत सांगत राहिला. कागदावर दोन ओळी उतरल्या आणि त्याखाली तिने पुन्हा अंगठाच उमटवला. जनजागृतीचं कोणतं व्याख्यान तिला वाचवणार होतं?

आणि कायदा कुठे कमी आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 काढून बघा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तोंडी दिली तर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, प्रत मोफत द्यायची. 2012 च्या पोक्सो कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, अधिकारी गणवेशात नको, गरजेप्रमाणे दुभाषी घ्यावा, असं सगळं आहे. तरीही अकरावीतल्या एका मुलीचा चेहरा चिकटवलेलं चित्र ठाण्यात तिच्या बापासमोर या हातातून त्या हातात फिरलं. "फोटो टाकलाच कशाला?" मुलगी नंतर शाळेत आली नाही. हे आठवलं की आजही माझा संताप होतो.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी 1930 या क्रमांकाची सोय चांगली आहे; पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन झाला तर रक्कम गोठवता येते. पण फोनला टॉवर हवा आणि बोलायला भाषा हवी. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, आत जंगलात माडिया-गोंडी.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला आता ऐकवत नाही. गडचिरोली पोलिसांच्या दादालोरा खिडकीत दुर्गम मदत केंद्रांवर माणसं दाखल्यांसाठी, योजनांसाठी येतातच. तिथेच ऑनलाइन गुन्ह्याची तक्रार का लिहून घेऊ नये? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणे तपास निरीक्षकाने किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, मान्य. ऐकून घ्यायला निरीक्षक लागत नाही.

आपल्या परिषदेने भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इथे तक्रार लिहून देणारी माणसं बसवावीत, असा माझा आग्रह आहे. माडिया आणि तेलुगूतले नमुने कोण करणार, प्रवासखर्च कुठून येणार, ते दुपारच्या बैठकीत बोलू. येत्या हंगामाची मजुरी खात्यांत पडायच्या आत निदान एका तालुक्यात हे काम सुरू व्हायला हवं.