‘ला’ दिसला की ‘टू’ लावू नका

मराठीत आपण ‘त्याला विचार’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘आस्क टू हिम’ तोंडात येतं. तिथं ‘टू’ नको. ‘आस्क हिम’, ‘टेल हिम’, एवढंच. ‘लिसन’ला मात्र ‘टू’ लागतोच: ‘लिसन टू मी’. ‘वेट’ला ‘फॉर’. आणि ‘कर्जाविषयी चर्चा’ म्हणजे नुसतं ‘डिस्कस द लोन’, ‘अबाउट’ घालायचं नाही.

आता गटाच्या कामाचं. अर्ज बँकेकडे आणि कर्जासाठी, म्हणून ‘अप्लाय टू द बँक फॉर अ लोन’. मी एकदा साहेबांसमोर ‘अप्लाय फॉर द बँक’ म्हणाले. म्हणजे अख्खी बँकच मागितली की! ते हसले, मी ओशाळले, आणि हप्ता किती बसेल हे विचारायचं राहूनच गेलं.