कथेचा शेवट कोणाच्या मनासारखा?



सुरतेहून बारडोलीकडे निघाले की मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या चौफुलीवर कडोदरा लागते. आसपासच्या कापडाच्या गिरण्यांमुळे खानदेशातील पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात येऊन राहिली आहेत. अशाच एका कुटुंबातला माझा जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला, तो कमालीचा रुष्ट होऊन. कारण ऐकून मला आधी हसू आले. 'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ खेळाचा पहिला भाग २०१३ साली निघाला आणि दुसरा २०२० साली. तो म्हणाला, "सर, सात वर्षे वाट पाहिली आणि आरंभीच त्यांनी नायकाला ठार केले! वर ज्या मुलीने त्याला मारले, तिच्याच भूमिकेत शिरून आम्ही खेळायचे! ही काय गोष्ट सांगण्याची रीत झाली?"

हसू ओसरल्यावर मला आठवले, की असाच राग मीही एकदा धरला होता. तो खेळावर नव्हे, एका ग्रंथावर.

नडियादच्या गोवर्धनराम त्रिपाठींची 'सरस्वतीचंद्र' ही गुजराती कादंबरी चार भागांत प्रसिद्ध झाली. पहिला भाग १८८७ चा, चौथा १९०१ चा. म्हणजे वाचकांनी चौदा वर्षे वाट पाहिली. सरस्वतीचंद्र आणि कुमुद यांचा विवाह ठरलेला. पण तो घर सोडून जातो आणि कुमुदचा हात दुसऱ्याच्या हाती दिला जातो. पुढे ती विधवा होते, दोघांची पुन्हा भेट होते. विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालीच झालेला. आता अडचण ती कोणती? परंतु आपल्याशी लग्न केल्यास लोक त्याच्या लोककल्याणाच्या कार्यापासून दूर जातील, या विचाराने कुमुद मागे सरते आणि आपली धाकटी बहीण कुसुम हिच्याशी त्याचे लग्न लावून देते. ज्या सुरतेत कवी नर्मदांनी विधवाविवाहाचा कैवार घेतला आणि स्वतः विधवेशी विवाह केला, त्या सुरतेच्या शेजारी बसून हा शेवट वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. २०१३ साली या कथेवरून दूरचित्रवाणी मालिका निघाली, तेव्हा त्या दोघांचे लग्न लावण्यात आले. प्रेक्षकांच्या मनातली शंभर वर्षांची इच्छा जणू पुरी झाली.

मग वाचकाचे ऐकावे काय? मला वाटते, निराशा दोन प्रकारची असते. लेखकाने दिलेला शब्द मोडला, तर वाचकाची तक्रार रास्त होय. 'मास इफेक्ट' नावाच्या खेळात, तुम्ही घ्याल त्या निर्णयांनी कथा बदलेल, असे आश्वासन होते. २०१२ साली तिसरा भाग आला, तेव्हा सारे निर्णय जवळपास एकाच शेवटाला येऊन मिळाले असे खेळणाऱ्यांना आढळले. ओरड झाली आणि निर्मात्यांनी त्याच वर्षी शेवटाला पुरवणी जोडली. ते योग्यच झाले. पण आपली इच्छा पुरी झाली नाही, एवढ्यावरून लेखकाला दोषी धरता येत नाही. आवडता नायक जगलाच पाहिजे, असा करार कोणी केलेला नसतो.

हे मला शिकवले माझ्या थोरल्या बहिणीने. ती ऐन तिशीत विधवा झाली. आम्हां ख्रिस्ती लोकांत विधवेच्या विवाहास धर्माची आडकाठी नाही. एक भले स्थळ आले होते. तिने नकार दिला आणि मी तिच्याशी कित्येक महिने धड बोललो नाही. पुढे एके दिवशी 'सरस्वतीचंद्रा'वरचा माझा संताप मी तिच्यापाशी बोलून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "बाळ, तू कुमुदसाठी रागावलास, की तुझ्या मनासारखे झाले नाही म्हणून? आणि त्या कुसुमला कोणी विचारले होते का रे?"

मी निरुत्तर झालो. कुसुमची ओढ अविवाहित राहण्याकडे होती, हे मी वाचले होते. पण माझ्या रागात तिला जागाच नव्हती. कुमुदवर लोकमताचा दाब होता, म्हणून तिच्या त्यागाबद्दल आजही प्रश्न विचारलाच पाहिजे. माझ्या बहिणीवर मात्र कोणाचा दाब होता? असलाच तर माझा!

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, "राग आला, म्हणजे गोष्ट तुझ्या मनाला भिडली. आता ज्या मुलीचा तुला तिरस्कार वाटतो, तिचा बाप कोणी मारला होता, ते एकदा आठवून पाहा." तो बराच वेळ गप्प बसला. जाताना म्हणाला, "सर, तरीही त्याला मारायला नको होते."

मीही मान डोलावली. दुःख करण्याचा हक्क वाचकाचाच आहे, श्रोतेहो. कथेला आणि माणसाला आपापल्या वाटेने जाऊ द्यावे, एवढेच.