अंगावर गांधी उठल्या, तेव्हा वही उघडली

आज हप्ते आणि बँक बाजूला ठेवू. आमच्या गटातल्या एका ताईच्या सहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर अचानक पित्त उठायचं. त्याचं कारण शोधताना आम्ही सगळ्याजणी आधी कशा चुकलो, ते सांगायचं आहे.

पहिल्यांदा झालं ते पावसाळ्याच्या तोंडावर. अंगणात खेळणारी पोर खाजवत घरात आली. पोटावर, मांड्यांवर लाल फुगवटे. आमच्याकडे याला गांधी उठणं म्हणतात, कुणी शीतपित्त म्हणतं. आजीने आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला लावलं. तासाभरात पोटावरच्या गांधी बसल्या, तर पाठीवर नव्या उठल्या. दुपारी तिने अंडं खाल्लं होतं. झालं, अंडं बंद. पोळ्याच्या सुमाराला पुन्हा तेच. त्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू खाल्लेला, म्हणून शेंगदाणे बंद. गणपतीनंतर तिसऱ्यांदा झालं, तेव्हा दूधही गेलं. पोर भाकरी आणि पातळ वरणावर आली. शाळेचा ड्रेस अंगात ढगळ व्हायला लागला. आणि घरात आईला एकच प्रश्न, "काय खाऊ घातलंस पोरीला?"

खरं सांगायचं तर "अंडं उष्ण असतं, देऊ नकोस" असं म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो.

दिवाळीनंतरच्या बैठकीत ती ताई रडायला लागली. तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, गटाच्या हिशोबात दहा रुपये कमी आले तर आपण मागची पानं चाळतो. इथे मात्र नुसत्या अंदाजावर पोरीचं खाणं बंद केलंय. मग वहीचं एक कोरं पान घेतलं आणि तिन्ही वेळचं आठवून आठवून लिहिलं. तारीख, वेळ, त्याआधी दोन-तीन तासांत काय खाल्लं, कुठलं औषध दिलं, काही चावलं का, नवा कपडा किंवा साबण होता का, आणि त्या आठवड्यात तब्येत कशी होती.

शेवटच्या रकान्यात आम्ही अडकलो. तिन्ही वेळा पोरीला सर्दी होती, दोनदा तापही. त्याकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं, पावसाळ्यात सर्दी कुणाला नसते! तेवढ्यात आईच्या मांडीवर बसलेली पोरगी हळूच बोलली, "मामाकडे मी रोज अंडं खाल्लं. पोह्यातले शेंगदाणे पण." दिवाळीच्या सुट्टीत मामीने हौसेने खाऊ घातलं होतं, आणि अंगावर एक गांध उठली नव्हती.

ते पान घेऊन आम्ही दोघी ताईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरबाईंनी पान नीट वाचलं. त्या म्हणाल्या, लहान मुलांत अचानक पित्त उठण्याचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण म्हणजे साधा सर्दी-तापाचा विषाणू. शरीर त्याच्याशी लढताना कातडीत हिस्टामिन नावाचा पदार्थ सुटतो. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, जागा फुगते आणि खाज सुटते. एकेक गांध साधारण चोवीस तासांच्या आत जिरते आणि दुसरीकडे नवी येते. खाण्यामुळे झालं असेल तर ते बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसतं, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होतं.

औषधाच्या रकान्यावर मात्र त्यांनी बोट ठेवलं. तिसऱ्या वेळी मोठ्या भावाची उरलेली अँटिबायोटिकची बाटली हिला पाजली होती. "पहिल्या दोन वेळा हे औषध नव्हतं, तरी तिसऱ्या वेळी तापामुळे झालं की यामुळे, हे आज सांगता येत नाही. पुढे मोठ्या डॉक्टरांकडून तपासून होईपर्यंत हे द्यायचं नाही, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगायचं." खाजेसाठी त्यांनी वजनानुसार सिरप लिहून दिलं. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका, असंही बजावलं.

याखेरीज गांधीलमाशी, मुंग्या यांच्या चाव्यानेही पित्त उठतं. सुरवंटाचे केस किंवा खाजकुयली लागली असेल तर तेही बघायचं. पुष्कळदा कारण सापडतच नाही आणि काही दिवसांत आपोआप थांबतं. सहा आठवड्यांपुढे चालू राहिलं तर मात्र पुन्हा दाखवायचं. आणि फोटो काढून ठेवा गं. दवाखान्यात पोचेपर्यंत अंग कोरं होतं आणि डॉक्टरांना काही दिसत नाही.

आता एक गोष्ट कान देऊन ऐका. गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, सारख्या उलट्या झाल्या किंवा पोर मलूल पडलं, तर वही नको, आमसूलही नको. लगेच 108 ला फोन करा. ज्या मुलाला एखाद्या पदार्थाने असं झालं असेल, त्याला तो पदार्थ घरी "बघू तरी" म्हणून देऊ नका. आमच्या मुलीला अंडं सुरू केलं तेही डॉक्टरबाईंना विचारूनच.

आमसुलाचं पाणी आजी अजूनही लावते, थंड वाटतं तेवढंच. पण मागच्या आठवड्यात पोरीच्या दंडावर दोन गांधी दिसल्या, तेव्हा आजीने आधी तिचं नाक पाहिलं. वाहत होतं. मग सुनेला म्हणाली, "वहीत लिही गं, आणि तिचं दूध गार होतंय ते दे."