उजेड कमी, ऊब जास्त
उडालेला पिवळा बल्ब कानाशी धरून हलवलाय कधी? आत बारीक किणकिण वाजली, की तार तुटली म्हणायची. टंगस्टनची ही तार तापून उजळते. पण १०० पैकी ९० भागांहून जास्त वीज नुसती उष्णतेत जाते. म्हणून युरोपीय संघाने सप्टेंबर २००९ पासून १०० वॅटचे बल्ब बाजारातून काढायला घेतले. २०१२ पर्यंत बहुतेक बाकीचेही गेले. आपल्याकडे बंदीपेक्षा किमतीनेच काम केलं. २०१५ च्या ‘उजाला’ योजनेत वीजबिल दाखवून स्वस्त एलईडी मिळू लागले. साठचा उजेड नऊ वॅटमध्ये! कोंबडीपालकांचा जीव मात्र जुन्या बल्बवरच. थंडीत पिल्लांना उजेडापेक्षा ऊब हवी ना!