जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा: आधी पैशांची तजवीज

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, म्हणून अनेक घरांत पैशांचा विचार प्रवेशपत्र हाती आल्यावरच सुरू होतो. हा क्रम उलटा हवा. व्हिसासाठी वर्षभराचे ११,९०४ युरो सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यात, आधीच भरावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात तर भारतीयांना दर सत्राला १,५०० युरो शुल्कही आहे. खात्यात एवढी रक्कम अडकवून ठेवणं जाचक आहे, असं कुणी म्हणेल. पण ती बुडत नाही. जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्यालाच मिळतात आणि घरभाडं, आरोग्य विमा यांचा खर्च त्यातूनच भागतो. भारतीय कागदपत्रं पडताळणारं एपीएस प्रमाणपत्रही नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेकांना सक्तीचं आहे. त्याचा अर्ज आधी करा आणि कर्ज काढायचं असेल तर बँकेतही तेव्हाच जा.