पोलीस-नेतृत्वाचे उच्च शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन फौजदारपदासाठी निवडल्या गेलेल्या तीन तरुणांचा आणि एका तरुणीचा सत्कार आताच या व्यासपीठावर झाला. आपल्या घरांतून डॉक्टर, वकील, इंजिनियर पुष्कळ निघाले. पोलीस खात्याकडे वळणारी मुले मात्र थोडी. म्हणून हा आनंद वाजवीच आहे. परंतु सत्काराच्या भाषणांत एक वाक्य वारंवार कानी आले, ते असे की, ‘आता यांचा अभ्यास संपला.’ माझी पस्तीस वर्षे पोलीस खात्यात गेली. त्या अनुभवाच्या बळावर मी आपणांस विनवितो की, हे वाक्य आपण मनातून काढून टाकावे. वैद्यकाची पदवी घेतलेला मुलगा पुढे एम. डी. झाल्यावाचून आपण समाधान मानत नाही. मग ज्याच्या एका शब्दावर माणसाचे स्वातंत्र्य आणि प्रसंगी प्राणही अवलंबून असतो, त्याला एकदा घेतलेले शिक्षण जन्मभर पुरेल असे आपण कसे मानतो?

नाशिकच्या प्रबोधिनीत नवा फौजदार कायदा, तपास, कवायत आणि शस्त्रे यांचे शिक्षण घेतो. ते उत्तम असते व त्यावाचून पाऊलही टाकता यावयाचे नाही. पण दहा-बारा वर्षांनी त्याच्या हाताखाली शंभर-दोनशे माणसे येतात, तेव्हा त्याच्यापुढील प्रश्नांचे स्वरूपच बदलते. ठाण्यावर आलेली तक्रार अदखलपात्र म्हणून वहीत नोंदवून परत पाठविली जाते, ती खरोखर तशी असते काय? सणासुदीचे बंदोबस्त करून थकलेला शिपाई गरिबावरच का खेकसतो? जमाव दगड उचलण्याच्या बेतात असता आणखी दहा मिनिटे थांबावे की काठी उगारावी? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कलमात नाहीत. येथे अधिकाऱ्याला स्वतःचा विवेक वापरावा लागतो आणि तो विवेक शास्त्रशुद्ध करणे हेच पोलीस-नेतृत्वाच्या पदव्युत्तर अभ्यासाचे प्रयोजन होय.

या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी येते, ते ऑगस्ट व्होल्मर स्वतः महाविद्यालयात गेलेले नव्हते. अमेरिकेतील बर्कले गावी ते आधी टपाल वाटीत. पुढे १९०५ साली तेथील पोलिसांचे प्रमुख झाले. आपल्या शिपायांनी विद्यापीठात शिकावे हा त्यांचा ध्यास होता. १९१६ साली बर्कलेच्या विद्यापीठात त्यांच्या खटपटीने पोलिसांसाठी वर्ग सुरू झाले आणि उत्तरायुष्यात ते स्वतःच विद्यापीठात प्राध्यापक झाले. शिक्षणाची किंमत ते न मिळालेल्यालाच अधिक कळते, हे आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना वेगळे सांगावयास नको.

इंग्लंडात हाच विचार निराळ्या वाटेने आला आणि आरंभी फसला. लंडनचे पोलीस कमिशनर लॉर्ड ट्रेंचर्ड यांनी १९३४ साली हेंडन येथे पोलीस महाविद्यालय काढले. बाहेरचे सुशिक्षित तरुण आणि दलातील काही निवडक माणसे यांना तेथे शिकवून थेट अधिकारपदी बसवावयाचे, अशी ती योजना होती. ज्यांनी वर्षानुवर्षे पावसाथंडीत गस्त घातली, त्या शिपायांना ती बोचली. आपल्या डोक्यावर एक वेगळी जात आणून बसविली जात आहे, अशी त्यांची भावना झाली. १९३९ मध्ये महायुद्ध आले, महाविद्यालय बंद पडले आणि त्या रूपात ते पुन्हा उघडले नाही. १९४८ साली जे नवे पोलीस महाविद्यालय निघाले, ते मात्र सेवेत मुरलेल्या माणसांसाठी. आज केंब्रिज विद्यापीठाच्या गुन्हाशास्त्र संस्थेत पोलीस-व्यवस्थापनाचा जो पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, तोही नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे. अधिकारी दोन वर्षांत ठराविक आठवडे तेथे राहून शिकतात, एरव्ही आपले काम करतात आणि शेवटी संशोधनपर प्रबंध लिहितात. जर्मनीत तर म्युन्स्टर येथे या विषयाचे स्वतंत्र विश्वविद्यालयच आहे. २००६ पासून त्याला तो दर्जा आहे आणि निरनिराळ्या घटकराज्यांचे निवडक अधिकारी वरिष्ठ श्रेणीत जाण्यापूर्वी तेथे पोलीस-व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतात.

‘हे सारे पुस्तकी आहे, पोलिसाला अनुभवच शिकवितो,’ असे माझ्या खात्यातील कित्येक मित्र म्हणतात. त्यांना मी कॅन्सस शहराची हकीकत सांगत असतो. रस्त्यावर गस्तीच्या गाड्या जितक्या अधिक, तितके गुन्हे कमी, हे जगातल्या प्रत्येक पोलिसाला अनुभवाने ठाऊक आहे. अमेरिकेतील या शहरात १९७२-७३ मध्ये त्या समजुतीची परीक्षा झाली. शहराच्या दक्षिण भागातील गस्तीचे १५ इलाखे घेऊन त्यांचे पाच-पाचांचे तीन गट केले. पहिल्या गटात नेहमीची गस्त अजिबात बंद केली व बोलावणे आले तरच गाडी जाई. दुसऱ्यात पूर्वीचीच गस्त ठेवली. तिसऱ्यात ती दुपटीतिपटीने वाढविली. वर्षअखेरीस पाहतात तो तिन्ही गटांत गुन्ह्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नाही, लोकांच्या मनातील भीतीतही नाही आणि गस्त घटल्याचे किंवा वाढल्याचे बहुतेक रहिवाशांच्या ध्यानातही आलेले नाही! याचा अर्थ गस्त निरुपयोगी असा नव्हे. थोड्या, नेमक्या, गुन्हेबहुल जागी ती एकवटली तर गुण येतो, असे पुढील प्रयोगांनी दाखविले. तात्पर्य, अनुभवाने जे दिसले नसते ते मोजणीने दिसले. आपल्या अनुभवाची अशी तपासणी करण्याचे धैर्य आणि पद्धत उच्च अभ्यासाने अंगी येते. तपासात साक्षीदाराची उलटतपासणी आपण करतोच. स्वतःच्या समजुतींची कोण करतो?

आता आपल्या देशाकडे वळतो. आपल्या पोलीस दलाची घडण १८६१ च्या कायद्याने झाली आणि ती परकीय सत्तेच्या सोयीची होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली माउंट अबू येथे वरिष्ठ अधिकाऱ्यांचे महाविद्यालय निघाले. तेच आज हैदराबादेत सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस प्रबोधिनी म्हणून नांदत आहे. १९७१ साली भारत सरकारने पोलीस-प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष पोलीस अधिकारी नव्हते, न्यायाधीशही नव्हते. ते होते समाजशास्त्रज्ञ प्राध्यापक माधव सदाशिव गोरे, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पोलिसांच्या शिक्षणाचा विचार समाजशास्त्रज्ञाच्या हाती सोपविण्यात मला मोठे शहाणपण दिसते. १९७३ च्या त्यांच्या अहवालाचा रोख असा की, कायदा आणि कवायत पुरेशी नाहीत. बदलता समाज, मानवी स्वभाव आणि पोलिसाची स्वतःची वृत्ती हेही शिक्षणाचे विषय झाले पाहिजेत. त्या अहवालाला अर्धशतक उलटले, तरी प्रशिक्षणकेंद्रावर झालेली बदली ही शिक्षा समजण्याची आमची खोड गेली नाही, हे मी खेदाने नमूद करतो. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांना सेवेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पुन्हा शिकावयास बसविले जाते. फौजदारीपासून चढत गेलेल्या अधिकाऱ्याला मात्र असा अभ्यास बहुधा आपल्या हिमतीवर, रजा टाकून आणि पदरमोड करून करावा लागतो.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलावयाची आहे. ती ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून बोलणे धारिष्ट्याचे आहे खरे. पण घरच्या माणसांत नाही बोलावयाचे, तर कोठे? आपल्यातील मुलगा अधिकारी झाला की ‘आपला माणूस’ ठाण्यात आहे, अशी भावना होते. मग भाडेकरूच्या भांडणासाठी, भाच्याच्या मोटारसायकलीसाठी, जमिनीच्या बांधासाठी त्याला दूरध्वनी जातात. मलाही ते येत असत आणि नकार दिला म्हणून काही घरांतून लग्नाची निमंत्रणे येईनाशी झाली. अशा प्रत्येक दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला एक परका माणूस ठाण्याच्या बाकावर बसलेला असतो आणि त्याच्यासाठी रदबदली करणारे कोणी नसते. नेतृत्वाच्या अभ्यासात निःपक्षपणाचे कितीही पाठ दिले, तरी घरची माणसेच ते रोज खोडून टाकू लागली, तर त्या अधिकाऱ्याने करावे काय? हाताखालचा शिपाई वरिष्ठाचे व्याख्यान ऐकत नाही, त्याचे वर्तन पाहतो. साहेबांनी आपल्या नातलगाला सोडले, ही वार्ता संध्याकाळच्या हजेरीपूर्वी सर्व बराकीत पसरते.

म्हणून माझे मागणे दुहेरी आहे. एक, ज्यांचा आज सत्कार केला, त्या चौघांना आपण कधीही शब्द टाकू नये. दुसरे, आपल्या शिष्यवृत्ती-निधीच्या नियमांत अर्जदार पंचविशीच्या आतील आणि पूर्णवेळ विद्यार्थी असावा, अशी अट आहे. ती घातली गेली तेव्हा योग्यच होती. पण ज्या अभ्यासाविषयी मी बोललो, तो माणूस पस्तिशी-चाळिशीत, नोकरी सांभाळून करतो. तेव्हा पोलीस, तुरुंग आणि न्यायखात्यात किमान दहा वर्षे सेवा झालेल्या सभासदांना या अटीतून सूट द्यावी आणि वर्षाला निदान एक शिष्यवृत्ती त्यांच्यासाठी राखून ठेवावी. ती आधी कोणा भगिनीला मिळाली, तर मला विशेष संतोष होईल. कारण ठाण्यात तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीला आत कोण बसले आहे, यावर बोलावे की न बोलावे हे ठरवावे लागते. नियमदुरुस्तीचा मसुदा मी चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. तो येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा आणि निधीचा प्रारंभ म्हणून माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम कोषाध्यक्षांनी स्वीकारावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.