ट्रॅक्टरचा टाय रॉड घरी बदलताना

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



माझा विषय पिकांचा. तरीही आज मी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगबद्दल बोलणार आहे, आणि त्याचे कारण घरचेच आहे. काही वर्षांपूर्वी ऐन उसाच्या हंगामात गावाकडच्या आमच्या ट्रॅक्टरला टाय रॉडचा नवा जॉइंट मी स्वतः बसवला. नटात घालायची स्प्लिट पिन जुनीच होती, ती वाकवताना तुटली. दुकान लांब, काम तातडीचे, म्हणून तिच्या जागी बांधायची तार घातली. तिसऱ्या दिवशी तार तुटली, नट फिरत फिरत निघाला आणि कारखान्यावरून रिकामी ट्रॉली घेऊन परत येताना पुढची दोन चाके दोन दिशांना गेली. ट्रॅक्टर चारीत उतरला. भावाचे मनगट मोडले. ट्रॉली उसाने भरलेली असती तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

पुढची दोन्ही चाके एकाच वेळी, एकाच बाजूला वळावीत म्हणून त्यांच्या आर्मना जोडणारा दांडा म्हणजे टाय रॉड. त्याच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात आणि झिजतात ते हेच. काही ट्रॅक्टरांना टाय रॉड नसतो, दोन्ही बाजूंना स्वतंत्र ड्रॅग लिंक असतात. त्यांचे जॉइंट बदलण्याची रीतही जवळपास हीच आहे. मात्र पॉवर स्टिअरिंगचा सिलिंडर पुढच्या अॅक्सलवर असेल किंवा ट्रॅक्टर चारही चाकांना ओढ देणारा असेल, तर त्याची जोडणी वेगळी असते. ते काम गॅरेजमध्येच द्यावे.

जॉइंटवरचे रबरी बूट फाटले की चिखलणीचे पाणी आणि रानातली धूळ आत जाते. ग्रीसमध्ये मिसळलेली धूळ पॉलिश कागदासारखी बॉल घासत राहते. झीज वाढली की स्टिअरिंगमध्ये ढिलाई येते, टायर एका कडेने खातात आणि पेरणीच्या ओळी वाकड्या जातात. आम्ही पीकवाले या शेवटच्या गोष्टीला फार जपतो. ओळ नागमोडी गेली की पुढे कोळपे पिकावरच चालते, आणि दोष मात्र पेरणी करणाऱ्याला मिळतो!

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने प्रत्येक जॉइंटवर हात ठेवावा. जिथे ‘टक्’ असा धक्का हाताला लागतो तो जॉइंट गेला. चाक उचलून पुढून-मागून धरून हलवल्यास ढिलाई जाणवली तर बहुधा टाय रॉड. वरून-खालून धरून हलवल्यास जाणवली तर बेअरिंग किंवा किंग पिन पाहावी.

आता प्रत्यक्ष काम. ट्रॅक्टर सपाट, टणक जागी उभा करावा, ट्रॉली सोडावी, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. पुढचा अॅक्सल मधल्या पिनेवर झुलता असतो, त्यामुळे नुसता मध्ये जॅक लावून भागत नाही. उचलल्यावर अॅक्सलखाली दोन्ही बाजूंना भक्कम आधार द्यावेत. निव्वळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये.

दांड्यावरचा लॉक नट प्रथम थोडा सैल करावा. पुष्कळ टाय रॉडांना एका टोकाला उलटे आटे असतात, हे लक्षात ठेवून जोर लावावा. मग स्प्लिट पिन काढून खाचांचा नट सोडावा. नटाबरोबर बॉलचा खुंटाही फिरू लागला तर पहारीने जॉइंट आर्मकडे दाबून धरावा. खुंटा निमुळता असल्याने भोकात घट्ट बसलेला असतो. तो सोडवायला पुलर उत्तम. तो नसेल तर नट दोन-चार आट्यांवर ठेवून आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवावा आणि समोरून ठोका द्यावा. आट्यांवर घाव घालू नये. जॉइंट दांड्यातून काढताना किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवावे. नवा तितकेच फेरे आत घालावा.

बसवण्यापूर्वी आर्मचे भोक पुसून पाहावे. ते अंडाकृती झाले असेल तर आर्मही बदलावा लागतो. त्यात नवा जॉइंट टिकत नाही. वाकलेला दांडा तापवून सरळ करणे किंवा तुटलेला वेल्ड करणे, हे तर करूच नये. नट माहिती पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावा. खाच आणि भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळून जुळवावे, सैल करून नव्हे. पिन प्रत्येक वेळी नवीन घालून तिची टोके वाकवावीत. ग्रीस निपल असल्यास ग्रीस भरावे.

शेवटी टो-इन. ट्रॅक्टर जमिनीवर उतरवून चाके सरळ करावीत. अॅक्सलच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या पुढील बाजूस मधोमध खडूच्या खुणा करून त्यांतील अंतर मोजावे. मग त्याच खुणा त्याच उंचीवर मागे येतील इतका ट्रॅक्टर पुढे ढकलून पुन्हा मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा थोडे कमी हवे. ट्रॅक्टरांत ते साधारण ३ ते ११ मिलिमीटर असते, आपल्या ट्रॅक्टरचा आकडा पुस्तिकेत पाहावा. टाय रॉड अॅक्सलच्या मागे असेल तर दांडा लांबवल्याने टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलट. आंतरमशागतीसाठी पुढच्या चाकांमधील अंतर बदलता, तेव्हा टाय रॉडची लांबीही बदलावी लागते आणि ही मोजणी पुन्हा करावी लागते. हे बहुतेक जण विसरतात.

मोजणी झाली की लॉक नट आवळावेत. पहिले आठ-दहा तास रानातच हळू चालवून सर्व नट व पिना पुन्हा पाहाव्यात, मगच ट्रॉली जोडून रस्त्यावर न्यावा. आमच्या ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत आता योग्य मापाच्या स्प्लिट पिनांची पुडी असते. ती भावाने ठेवली आहे.